जेवता हात

मंदे, आधी हे सांग, फोन असा ठेवतात का? समोरच्याचं बोलणं तोंडात असताना? "ठेव फोन," म्हणालीस आणि मी ठेवायच्या आत तूच ठेवून मोकळी. चार दिवसांनी सकाळी तुझ्या पल्लवीचा फोन आला, "मावशी, आई गेली." चहा गाळता गाळता ओट्याला धरून खाली बसलीस म्हणे, आणि संपलं. मी इकडे बडनेऱ्याला हातात झाडू घेऊन उभी. खरं सांगते, पहिल्यांदा रडू आलंच नाही, संताप आला. म्हटलं पाहा, भांडण अर्धवट टाकून पळाली.

कारण माझं एक वाक्य राहिलं होतं. तू तुझ्या नणंदेची तक्रार सांगत होतीस. महिनाभराच्या मुक्कामाला आलेल्या नणंदबाई तुझ्या नातीच्या हातामागे लागल्या होत्या. ओवी तुझ्यासारखीच डावखुरी. पल्लवी अकोल्याला नोकरीवर, पोरगी आठवडाभर तुझ्यापाशी, आणि दर जेवणाला नणंदबाई तिच्या डाव्या हातातला घास काढून उजव्या हातात कोंबणार. "तू ये न् तिले सांग," तू म्हणालीस. "माह्यं नाई आयकत ते. तुले भेते." मी काय बोलले? "अवं, उजव्या हातानं जेवली तं काय बिघडते? तुह्या त्या हातानं तुले तरी कुठी रस्ता सापडला होता?" गंमत होती ती, मंदे. तीन वर्षं आपण दर फोनला करत आलो तीच गंमत. आणि त्याच्या पुढचं वाक्य होतं, "बरं, रविवारी येते आणि झाडते तुझ्या नणंदेला." तेवढं ऐकायला थांबली असतीस तर तुझं ब्लाउजचं गिऱ्हाईक काय पळून जात होतं?

रविवारी आलेच मी अकोटला. बोलल्यासारखी आले. तू अंगणात झोपलेली होतीस.

लोक तुझ्याबद्दल चांगलंचुंगलं बोलत होते. शांत होती, सोशिक होती, कधी कोणाला उलटून बोलली नाही. कोण? मंदा? मी तोंडाला पदर लावला, बायांना वाटलं हुंदका आला. एक तर माझी पाठ थोपटायला लागली. तू असतीस तर मागच्या खोलीत जाऊन दात काढले असतेस.

अमरावतीच्या वसतिगृहात पहिल्याच दिवशी आपण शेजारी जेवायला बसलो आणि माझा उजवा कोपर तुझ्या डाव्या कोपरावर असा आपटला की वरणाची वाटी माझ्या मांडीवर. मी म्हटलं, "नीट जेव ना वं." तू म्हणालीस, "मी नीटच जेवून राहिली. तूच चुकीच्या बाजूनं बसली." ओळख ना पाळख, आणि पहिलं वाक्य हे. मग ताट उचललंस आणि माझ्या डाव्या अंगाला येऊन बसलीस. त्यानंतर जिथं जिथं जेवलो, लग्नात, यष्टी स्टँडच्या बाकावर, कोणाच्या वावराच्या धुऱ्यावर, तू माझ्या डावीकडेच. कोपराला कोपर लागला नाही. डावीकडे ताट ठेवायची जागा सोडायची सवय मला इतकी लागली की घरचे विचारायचे, इथे कोण येऊन राहिलं बापा?

माझी आई गेली तेव्हा तू आलीस, आणि सांत्वनाचा एक शब्द बोलली नाहीस. लुगड्याच्या निऱ्या खोचल्यास आणि तीन दिवस माझ्या घरातली भांडी घासलीस, स्वयंपाक केलास. निघताना म्हणालीस, "तुह्या कुकरचं रबर बदल. वाफ सोडते." बस, एवढंच. तुझ्या तेरवीपर्यंत मला किती जणींनी जवळ घेऊन काय काय सांगितलं, आत्मा अमर असतो, देवाला चांगली माणसं लवकर हवी असतात. मला सारखं वाटत होतं कोणीतरी कुकरच्या रबराचं बोला.

चालायचं खूळही तुझंच. मी नोकरीभर रेल्वेच्या तिकीट खिडकीमागे बसलेली. "बसून बसून तुह्या बुडाले मुळं फुटतीन," म्हणून तू मला दर श्रावणात ओढून न्यायचीस. सकाळी निघायचं, दिवसभर चालायचं, आणि संध्याकाळी मिळेल त्या गाडीनं परत. शिवणकामानं तुझी मान धरायची, माझे गुडघे वाजायचे, पण चालताना दोघींचंही काही दुखायचं नाही. घरचे हसायचे, म्हणायचे, बायांना काय रस्ते मोजायचं काम दिलंय का? तुझे आभार मानायचे राहिले ते यासाठी. तेव्हा मानले असते तर तू म्हणाली असतीस, "आभार नोको मानू, पाय उचल."

आणि मग ती तीन वर्षांमागची चाल. त्या आठवड्यात झड लागली होती. बाहेरच्यांना झड सांगायची म्हणजे अवघड. पाऊस मोठा नसतो, पण थांबत नाही. वाळत घातलेले कपडे दुसऱ्या दिवशी वास मारतात, भिंतींना हात लावला तर ओला होतो आणि माणसं एकमेकांवर खेकसायला लागतात. मी आदल्या संध्याकाळीच अकोटला तुझ्याकडे आले होते. म्हटलं, "मंदा, पाणी थांबू दे, मंग जाऊ." तू म्हणालीस, "हे झड हाय. पाणी थोडी हाय?"

जायचं होतं सातपुड्याच्या पायथ्याशी, तुझ्या मोठ्या मावशीच्या गावाला. पोपटखेडचा रस्ता धरायचा आणि पुढं वावरातून आडवं जायचं. लहानपणी दोन वर्षं तू त्या गावात काढलेली, म्हणून रस्ता तुला तोंडपाठ. तोंडपाठ! तू त्या गावाला जन्मभर यष्टीनं गेलेली, डांबरी रस्त्यानं, हे मला कधी कळलं? भिजून चिंब झाल्यावर. मोबाईलवर रस्ता पाहू म्हटलं तर म्हणालीस, "मोबाईलले काय मालूम कोन्त्या वावरात पऱ्हाटी न् कोन्त्यात तूर?" थोड्या वेळानं रेंजही गेली आणि तू जिंकल्यासारखं माझ्याकडं पाहिलंस.

माझ्याकडं अमरावतीहून आणलेला रेनकोट होता. तुझ्याकडं भाऊजींची काळी छत्री, तीही पहिल्या वाऱ्यात उलटी झालेली. पिशवीत माझ्या हातच्या भाकरी आणि ठेचा होता. सकाळपासून तीनदा विचारलं, "दोन घास खातं का?" दर वेळी तू म्हणायचीस, "तू खाय. मले भूक नाई." तुला भूक नाही! हे मी पहिल्यांदाच ऐकत होते. म्हटलं उपास असेल.

काळी माती भिजली की बुटाला सोडत नाही. पायाला पाटा बांधल्यासारखं होतं. एका ठिकाणी माझा बूट चिखलात रुतला आणि पाय मोज्यासकट बाहेर आला. मी तो बूट उपसत बसले, तू पुढं गेलीस. पुढं फाट्यावर बाभळीखाली एक म्हातारा बकऱ्या घेऊन उभा होता, डोक्यावरून पोत्याची खोळ, हात आत लपवलेले. तू त्याला काही विचारलंस, तो काही बोलला, तू मान हलवलीस आणि डावीकडची पांदण, वावरांमधली खोलगट गाडीवाट, धरलीस. मी लंगडत तुझ्या मागं. म्हातारा मागून काहीतरी ओरडलाही, पण पावसात ऐकू आलं नाही. मला वाटलं बकऱ्यांना ओरडला.

ती पांदण संपेचना. आधी पाणी घोट्याला लागलं, मग पोटऱ्यांना. गाव दिसेना, माणूस दिसेना, कुत्रंसुद्धा भुंकेना. शेवटी पांदण जिथं संपली तिथं नाला. दोन्ही काठ भरून चाललेला, त्यात कोणाच्या तरी वावराचं कुंपण वाहत होतं. मी म्हटलं, "मंदा, तो बुडा नेमकं काय बोलला?"

"बोलला, पुढे दोन रस्ते फुटतात, जेवत्या हातानं जाजा."

"मंग?"

"मंग काय? आली ना मी जेवत्या हातानं." आणि तू डावा हात वर केलास.

मी तिथंच उभी राहिले. रेनकोटच्या टोपीतून पाणी मानेत उतरत होतं. "अवं माय माही! जेवता हात म्हंजे उजवा असते!"

"कोनाचा?"

"साऱ्या जगाचा!"

"मंग मी कोन्त्या जगातली हाओ?"

मी तुला बेअक्कल म्हटलं, तू मला बूट सांभाळता येत नाही म्हणालीस. दोघी नाल्याकाठी उभ्या राहून गळा फाडून भांडत होतो, आणि ऐकायला कोणी नव्हतं. तुझं म्हणणं एकच, बोलणाऱ्यानं "जेवता हात" सांगितला, मी माझ्या जेवत्या हाताला वळले, आता त्याला "उजवा" म्हणायचं होतं तर उजवा म्हणायला काय त्याच्या जिभेला काटा टोचत होता?

मग तू नाल्यात पाय घातलास. "गाव तेच तिकडे, पलीकडे. मी जाऊन राहिली." पाणी मांडीपर्यंत आलं तुझ्या. मी धावले आणि हाताला लागलं ते धरलं, तुझं डावं मनगट. आणि तू अशी हिसका देऊन वळलीस की मी पाठीवर चिखलात. "हात सोड! तो हात नाई धराचा!" इतक्या वर्षांत तुझा असा आवाज मी ऐकला नव्हता. मी पडल्या पडल्या तुझ्याकडं पाहत राहिले. तू पाण्यातून बाहेर आलीस, मला उठवलंस, आणि आपण दोघी बाजूच्या वावरातल्या खोपडीत जाऊन बसलो.

तिथं तू सांगितलंस. मावशी तुझा डावा हात जुन्या लुगड्याच्या काठानं मागं बांधायची. रोज, दोन्ही वेळा, जेवायला बसवण्याआधी. काठ हिरवा होता. उजव्या हातानं घास सांडायचा, आणि सांडला की ताट उचललं जायचं. तू मग संध्याकाळी कोठ्यात गाईपाशी बसून, चोरलेली भाकर डाव्या हातानं खायचीस. "मारत नोहती," तू म्हणालीस. "बाकी लय जीव लावे. वेनी घालून दे. पन हात बांधे." लग्नकार्यात तुला कधी कोणी पंगतीत वाढू दिलं नाही, मागं कांदे चिरायला बसवायचे, तेव्हा तू हसायचीस म्हणून मीही हसायचे. खोपडीत कोणी हसलं नाही.

"आता लय बुडी झाली ते," तू म्हणालीस. "बोलाचं काई नाई मले तिच्यासंग. फक्त तिच्यासमोर बसून जेवाचं हाय. या हातानं. पोटभर."

मी कपाळावर हात मारला. "मंग हे आधी काहून नाई सांगतलं? यष्टीनं गेलो असतो! सकाळीच तिच्या दारात असतो!"

"यष्टीनं गेली असती तं भूक नसती लागली."

मंदे, या वाक्यावर मी काय करायचं होतं? तुझ्या डोक्यात काय काय चालायचं, आणि ते दुसऱ्याला सांगायचं असतं हे तुला का कळायचं नाही? सकाळपासून माझ्या भाकरीला नाही म्हणत होतीस ते यासाठी. मी पिशवी उघडली. भाकरीच्या कडा भिजल्या होत्या. तू माझ्या डावीकडं सरकलीस, आणि सगळ्या भाकरी खाल्ल्यास. मला अर्धी ठेवलीस.

नाला उतरला नाही. अंधारायच्या आत मागं फिरलो, डांबरी रस्त्यावर ट्रॅक्टर मिळाला आणि ट्रॉलीत बसून हादरे खात अकोटला आलो. पुढच्या महिन्यात परत जाऊ असं ठरलं. तुला ताप आला, मग सणासुदीचे ब्लाउज आले, आणि दिवाळीआधी मावशी गेली. तू तिच्या तेरवीला जाऊन आलीस. मी फोनवर विचारलं, "जेवली का तठी?"

"नाई," तू म्हणालीस. "कोनासमोर जेवू?"

मला इतका राग आला त्या म्हाताऱ्याचा, त्या नाल्याचा, तुझा. मी बोलून गेले, "उजवीकडे वळली असती तं पोचली असती." आणि तू म्हणालीस, "मी माह्या जेवत्या हातानंच वळली. माही चूक नाई. तू मान." मी मानलं नाही. दर फोनला शेवट हाच. भाव काय, पाऊस काय, पल्लवीचं कसं, आणि मग, "मानतं का?" "नाई मानत." तुला ते कशासाठी हवं होतं ते कळत नव्हतं असं नाही. पण चुकीच्या पांदणीला बरोबर कसं म्हणायचं? नाला डोळ्यांनी पाहिलाय मी! माणसानं काहीतरी खरं धरून राहायचं की नाही?

परवा तुझी तेरवी झाली. अंगणात मांडव, पोळी, वरण-भात, आलू-वांग्याची भाजी, बुंदी. फोटो चांगला लावलाय, पण त्यात तू फारच गरीब दिसतेस, कोणाला खरं वाटणार नाही. मी बायांच्या पंगतीत बसले. ओवी आली आणि माझ्या उजवीकडं बसली. पहिल्याच घासाला माझा कोपर तिच्या कोपराला लागला. तिचं वरण हललं. तिनं वर पाहिलं आणि म्हणाली, "तू नीट बस ना."

मी ताट उचललं आणि उठून तिच्या पलीकडं जाऊन बसले. ती माझ्या डावीकडं आली. बाया पाहत होत्या, पंगतीतून अशी उठते काय ही. पाहू देत.

तेवढ्यात नणंदबाई बुंदी वाढत आल्या. आमच्यापुढं थांबल्या. "आजीची तेरवी हाय आज, बाई. आज तरी जेवत्या हातानं जेव." आणि वाकून त्यांनी ओवीचं डावं मनगट धरलं. पोरगी रडली नाही. तिनं फक्त मूठ घट्ट केली आणि बोटांतून भात सांडला.

"हात सोडा तिचा," मी म्हटलं.

"काहून?"

"जेवूनच राहिली ना ते. जेवत्या हातानंच जेवून राहिली."

"अवं शोभाबाई, हा डावा हाय."

"हाव, डावा हाय. तिचा जेवता हात हाच हाय. मंदाचाही हाच होता. तिनं याच हातानं तुमचे साऱ्यांचे ब्लाउज कापले, तवा नाई कोनाले बाटल्यासारखं वाटलं. सोडा हात."

माझा आवाज तिकीट खिडकीवरचा निघाला, फलाटाच्या त्या टोकाला जाणारा. पाण्याचा जग घेऊन फिरणारे भाऊजी थांबले, आपल्या बहिणीकडं पाहिलं आणि हळू म्हणाले, "वाढ वं तिले. बुंदी वाढ." नणंदबाईंनी हात सोडला. बुंदी वाढली, नेहमीपेक्षा जास्तच वाढली. ओवीनं थोडा वेळ हात फ्रॉकखाली धरून ठेवला, मग काढला आणि जेवायला लागली.

ऐकलंस का, मंदे? बोलले मी. अख्ख्या पंगतीसमोर बोलले. ज्या एका वाक्यासाठी तीन वर्षं माझं डोकं खाल्लंस, ते तोंडातून निघालं तेव्हा तू भिंतीवर हार घालून बसलेली. मग मात्र मला रडू आलं, ताटावरच. आणि ओवी म्हणते, "मावशीआजी, तुझ्या भाजीत पाणी पडून राहिलं."

नणंदबाईंचा मुक्काम अजून आहे. मी पल्लवीला सांगितलंय, दर रविवारी येईन. शाळेच्या बाईंनाही भेटून येईन. तुझी ती काळी छत्री भाऊजींनी मला दिली, एक काडी मोडली आहे, चालेल.

तर राहिलेलं वाक्य हे होतं, की रविवारी येते. आले. आणि दुसरं, मानते मी. हात तुझा बरोबर होता, मंदे. रस्ता मात्र चुकलाच होता, ते मी मेले तरी मानणार नाही.

बस. आता ठेव फोन.